म्हसळ्याचा अंतू मिस्त्री
म्हसळ्याचा अंतू मिस्त्री माणसांशी फारसं बोलत नसे, इंजिनांशी बोले. ट्रक दारात उभा राहिला की ड्रायव्हरला बाजूला सारायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि विचारायचा, "काय होतंय रं तुला?" आपण मध्ये तोंड घातलं की म्हणायचा, "तू गप. त्याला बोलू दे."

एका बड्या कंत्राटदाराने एकदा आपल्या गाडीचं दुखणं सांगायला सुरुवात केली. मिस्त्रीने त्याला फणसाखाली बसवलं. "तुझं पोट दुखत आसंल तर सांग. गाडीचं गाडी सांगंल." धूर तर तो चक्क हुंगायचा. काळा धूर म्हणजे "लई जेवलाय", निळा म्हणजे "तेल पितोय", पांढरा म्हणजे "खाल्लेलं पचत न्हाय". आम्ही हसायचो.

मी तेव्हा श्रीवर्धनहून सुपारीचा ट्रक न्यायचो. एका दुपारी वाटेतल्या गावात धर्मा नावाच्या शेतकऱ्याने हात केला. त्याची बायको अडली होती. सुईणीने हात टेकले होते, एसटी निघून गेली होती. बाईला मागे पोत्यांवर निजवलं आणि माणगावच्या दवाखान्याकडे निघालो. चढाला ट्रक पांढरा धूर ओकायला लागला. डोळे झोंबले, गाडीचा दम गेला. कसाबसा मिस्त्रीच्या दारात आणला.

"मिस्त्री, मागं बाई अडलीय, लवकर..."

"तू गप."

इंजिन चालूच ठेवून तो एकेका सिलिंडरची डिझेलची नळी ढिली करू लागला. पहिली ढिली केली, आवाज पडला. दुसरी, तिसरी, चौथी, तेच. पाचवी ढिली केली तरी आवाजात फरक नाही, म्हणजे पाचवा सिलिंडर कामच करत नव्हता. त्याच्या इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या बुडाशी त्याने साबणाचं पाणी टाकलं. भराभर बुडबुडे आले.

"हितनं दाब जातोय. वायसर मेलंय."

वायसर म्हणजे फट बुजवणारी चकती; नवीन वायसर नव्हतं. जुनंच तांब्याचं वायसर त्याने निखाऱ्यात लाल केलं, पाण्यात विझवून नरम केलं, घासून परत बसवलं. पाऊण तास गेला. मागून कण्हणं येत होतं. धर्मा ट्रकची मागची फळी धरून उभा होता. मिस्त्रीने मान वर केली नाही.

ट्रक सुरळीत चालला. पण माणगावला पोचेपर्यंत कण्हणं थांबलं होतं. बाई गेली. मूलही.

दुसऱ्या दिवशी परतताना मी मिस्त्रीला सांगितलं. तो पाना पुसत राहिला.

"धूर?"

"नाही. साफ चालली," मी म्हणालो. मला त्याचा संताप आला होता.

"पाचव्यापास्नं सुरवात केली आसती तर..." त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "नाव काय व्हतं तिचं?"

"ठाऊक नाही."

त्याने रॉकेलने हात धुतले, शेडला झडप लावली आणि मला धर्माचं गाव विचारून त्या वाटेला लागला. पायी, दोन कोस.

दोन दिवसांनी मी पुन्हा थांबलो. तो एका ट्रकखाली उताणा होता. माझा आवाज ऐकून बाहेर आला.

"सुंदरा," म्हणाला.

मला कळेना.

"तिचं नाव. सुंदरा. माज्या दारात पाऊण तास व्हती ती." तो परत ट्रकखाली शिरायला वाकला. "काय होतंय तुला, इचारलं न्हाय मी."