घाडींच्या खोलीचं गाऱ्हाणं

लालबागच्या आमच्या चाळीतला घाडींच्या खोलीचा तंटा एका रविवारी दुपारी मिटला. दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते.

तात्या घाडी गिरणी कामगार, ब्रह्मचारी. कोकणात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं ते चाळीच्या गॅलरीत कशासाठीही घालत. "नळाक पाणी येव दे रे म्हाराजा!" "मोर्च्याक गेलेली पोरां धड डोक्यान परत येव देत रे म्हाराजा!" प्रत्येक ओळीला ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आमची निम्मी चाळ मालवणकडची. लोक दाढी करता करता, भांडता भांडता "व्हय म्हाराजा" म्हणत.

तात्यांचे थोरले भाऊ दम्याने वारले. खोली दोघा भावांनी मिळून घेतलेली, तात्याही तिथेच राहत. मागे राहिली भावाची दुसरी बायको शेवंतीवहिनी, आणि वरळीला राहणारा पहिलीचा मुलगा सदानंद. त्याला खोली हवी होती. वहिनीने गावी जावं, असं त्याचं म्हणणं. गावी तिचं कुणी नव्हतं.

तात्या त्याला बजावत, "दादा अजून माळ्यावर खोकता."

"उंदीर आहेत ते, तात्या."

"उंदराक दमो असता?"

सदानंद हसे, पण माळ्याकडे बघत नसे.

त्या रविवारी तो नवं कुलूप घेऊन आला. चाळ जमली. वहिनी आपलं गाठोडं बांधून बसली होती.

"आधी नारळ फोडूक दी," म्हणत तात्या उंबऱ्याशी उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! मेलेल्याक शांती मिळू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सदाची पोरां सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सदानंदने हात जोडले, डोळे मिटले.

"शेवंतीवयनी जिती आसा तवसर ही खोली तिची रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सदानंदचा होता.

त्याने डोळे उघडले. "तात्या, फसवलंत!"

"मी खंय? तूच बोललस. आता देवाक सांग, चुकान बोललंय."

सदानंदने पहिल्यांदाच माळ्याकडे पाहिलं. मग कुलूप खिशात टाकलं. "म्हणजे खोली तुम्हालाच हवी होती तर!"

"गाराणा अजून संपाक नाय," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "ह्या खोलयेर माझो काय एक हक्क नाय रे म्हाराजा."

या ओळीला कुणाचंच "व्हय" आलं नाही. तात्या थांबले. मग त्यांनी स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि नारळ फोडला.

संध्याकाळी ट्रंक खांद्यावर घेऊन ते परळला, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहायला गेले.