व्हाल्व असलेला धबधबा

चुडामण आप्पांच्या मुलीची सोयरीक जवळजवळ ठरली होती, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. होणारे व्याही नवनीत यांचं शहाद्याला मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान. माणूस कमी बोलणारा. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून आप्पांनी त्यांना सातपुड्यातला धबधबा दाखवायला प्रकाशा गावाहून थेट मोलगीच्या पुढे आणलं.

"याही, बिनधास्त चाला. सात वरीस ह्या भागमा ग्रामसेवक व्हतू मी. पावरी मन्ही जिभवर शे!"

आप्पांना पावरी, म्हणजे इथल्या आदिवासींची बोली, येत होती हे खोटं नव्हे. मात्र ती नोकरीत शिकलेली. पाणी, टाकी, कुठे फुटलं, सही आणि उद्या या, एवढ्यावर त्यांनी सात वर्षं झोकात काढली होती. पायवाटेला तीन फाटे फुटले तेव्हा त्यांनी मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईला, रेवाबाईला, थांबवून ठसक्यात पावरीत विचारलं. तिचा चेहरा एकदम उजळला. मोळी तिथेच टाकून ती भराभर काहीतरी बोलली आणि पुढे निघाली.

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" नवनीतनी विचारलं.

"म्हनस, धबधबा वरे शे, चाला, दखाडस!"

तासभर उभा चढ. वाटेत रेवाबाईने हाका मारमारून आणखी दहा-बारा माणसं गोळा केली. "पाहुण्यास्ना मान शे, दुसरं काय!" आप्पा धापा टाकत म्हणाले. तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. आप्पांनी विजयी मुद्रेने झुडूप बाजूला सारलं.

समोर सिमेंटची टाकी होती. तिच्या पाइपाचा सांधा निखळून पाण्याचा फवारा खडकावर कोसळत होता.

नवनीतनी शांतपणे चष्मा पुसला. "याही, या धबधबाले व्हाल्व शे."

"साहेब, आठ दिवस झाले," रेवाबाई स्वच्छ मराठीत म्हणाली. "खाली पाड्यात नळाला थेंब नाही."

आप्पा चपापले. "बाई, तुम्हाला मराठी येतं?"

"बचत गटाची अध्यक्ष आहे मी. तुम्ही पावरीत विचारलं, 'पाणी कुठे फुटलंय?' म्हणून मीही पावरीत सांगितलं."

आप्पांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवनीतनी मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. व्हाल्व बंद केला, सांधा बसवला, कुणीतरी आणलेली सायकलची जुनी ट्यूब त्यावर करकचून आवळली. पाणी पुन्हा सोडलं, तर बाहेर थेंब नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेवाबाईने दोघांना घरी नेऊन भाकरी आणि आंबाडीची भाजी पोटभर खाऊ घातली.

उतरताना नवनीत आप्पांच्या बरोबरीने चालू लागले. मग हळूच म्हणाले, "याही, तुम्ही सांगेल व्हतं, पोरगी फाडफाड इंग्रजी बोलस. ती इंग्रजी बी तुमनी पावरीसारखीच शे का?"

आप्पांनी छाती पुढे काढली. "नही हो! त्या बाबतमा ती मन्हा वरताण शे!"