झिजलं की बदलायचं

चालत्या गाडीत स्टिअरिंग हातात निघून आलं तर काय करायचं, या काळजीने मला झोप येईना. डोळे मिटले की तेच दिसायचं: हातात सुटं स्टिअरिंग, शेजारी लेक, समोर झाड. (झाड दरवेळी वेगळं असायचं. काळजीच्या बाबतीत माझी कल्पनाशक्ती कमी पडत नाही.)

गाडी म्हणजे माझ्या बाबांची जुनी पिकअप. बाबांची रोपवाटिका होती. कुंड्या पोचवायला ही गाडी. या वर्षी बाबा गेले, रोपवाटिका दुसऱ्या कुणी घेतली आणि पिकअप माझ्या दारात आली. नवरा म्हणाला, "विकून टाकू या." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. (हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं.)

तिच्या स्टिअरिंगमध्ये ढिलाई इतकी, की वळायच्या आधी ते पाव वेढा नुसतंच फिरवावं लागे. मग 'कट्ट' असा आवाज यायचा, आणि मग गाडी वळायची. "हिला आधी सांगून ठेवायचं," बाबा म्हणायचे, "ऐकते ती सावकाश." मी याच गाडीवर शिकले.

पण माझी खरी काळजी शेजारच्या सीटवर होती. लेकीला सगळे भुंगी म्हणतात. नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण ती त्यांच्या कानाशी दिवसभर प्रश्नांची गुणगुण करायची. बाबा गेल्यापासून तिने त्यांच्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आकाशातला तारा वगैरे सांगणं मला पटेना (शिकण्याचे तोटे), म्हणून बरंच काय काय वाचून मी तिला शास्त्रशुद्ध सांगितलं होतं, "आजोबांचं शरीर वापरून वापरून खूप झिजलं होतं, म्हणून ते थांबलं." तिने मान डोलावली आणि बिस्कीट मागितलं. मीच माझी पाठ थोपटून घेतली.

तर, दोन्हींपैकी निदान एक काळजी मिटावी म्हणून मी गाडी मेकॅनिककडे नेली. भुंगी बरोबर होती. मेकॅनिकने स्टिअरिंग वर-खाली हलवलं, कान लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"ताई, ही तुम्ही चालवत आणलीत?"

"हो."

"बरं." त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. "स्टिअरिंगचा कॉलम गेलाय. वरचे बुश झिजलेत, खालचा जॉइंट झिजलाय. सगळा दांडाच बदलायचा."

"रिपेअर नाही का होणार? बाबांचा आहे हो."

"गाडी बाबांची आहे, ताई. कॉलम कंपनीचा आहे."

तेवढ्यात भुंगीने तोंड उघडलं. "काका, झिजलंय ते कसं कळतं?"

"आवाज येतो ना. आवाज आला की समजायचं, झिजलं. काढायचं, दुसरं बसवायचं."

"दुसरं मिळतं?"

"जुन्या बाजारात काय मिळत नाही? ढीग लागलेत तिकडे. नीट शोधलं पाहिजे फक्त."

भुंगी विचारात पडली. मला इतकं बरं वाटलं. मुलीला यंत्रांची आवड दिसते, इंजिनीअरिंगला घालू. (परत येताना रिक्षात मी तिचं हॉस्टेलही निवडलं, आणि ती लांब जाणार म्हणून थोडी रडलेही.)

गाडी आणायला निघालो त्या दिवशी भुंगीने स्वतःहून ठेवणीतला फ्रॉक घातला. खिशात आजोबांच्या चष्म्याची डबी कोंबली. मी म्हटलं, असू दे.

मेकॅनिकने माझ्या हातात नवी चावी ठेवली. "चावीचं लॉक कॉलमवरच असतं, ताई. आता गाडी हिने चालू करायची. जुन्या चावीने नुसतं दार उघडेल."

बाबांच्या चावीचं डोकं त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालं होतं. ती मुठीत धरून मी तिथेच उभी राहिले. डोळे भरून आले.

मेकॅनिक घाबरला. "नवीनच्या दोन आहेत, ताई. दोन दिल्यात मी."

गाडी सुरू केली. कट्ट नाही, खडखड नाही. फाटकाकडे येत होते तोच भुंगीने विचारलं, "आता बाजारात जायचं ना?"

"कुठल्या?"

"जुन्या. आजोबा शोधायला. चष्मा घेतलाय मी, म्हणजे त्यांना लगेच दिसेल."

माझ्या हातांनी सवयीप्रमाणे गाडीला पाव वेढा आधीच सांगून ठेवला होता. नवा कॉलम आज्ञाधारक. त्याने तो लगेच ऐकला, आणि आम्ही गॅरेजच्याच फाटकाच्या खांबावर जाऊन आदळलो.

कुणाला काही लागलं नाही. मी इंजिन बंद केलं.

"राणी," मी म्हटलं, "गाडीचं दुसरं मिळतं. माणूस दुसरं मिळत नाही."

"नीट शोधलं तरी?"

"नीट शोधलं तरी."

तिने डबी उघडली. चष्मा बघितला. डबी बंद केली.

एवढी वाचून तयारी केली होती, पण पुढचं काही मला आठवेना. बाबा गेल्यापासून सगळ्यांसमोर आवरून धरलेलं एकदम वर आलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी हुंदके देत राहिले. (कपाळ नेमकं हॉर्नवर होतं. तोही माझ्याबरोबर रडत होता, आणि जास्त मोठ्याने.)

मेकॅनिक हात पुसत गाडीकडे पळत यायला लागला. भुंगीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सीटवर गुडघे टेकून ती माझ्या कानाशी आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आई, आवाज करू नकोस ना. काका ऐकतील, आणि तुलापण काढतील."