पोवार सरांची डेक्स्टेरिटी

आमच्या शेजारचे पोवार सर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि घरी एकच शब्द ओरडायचे. "डेक्स्टेरिटी!" तेही ऐन भाकरीच्या वेळेला, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून. शिवाजी पेठेत दोन घरांना भिंत एकच. केबल टीव्ही तेव्हा नुकताच आला होता, पण आम्हाला त्याची गरजच नव्हती.

बाहेरही तेच. चौकात गवळी म्हशीची धार काढतोय आणि सर गिऱ्हाइकांना सांगतायत, "पावणं, याला इंग्रजीत काय म्हनत्यात म्हाईत हाय? डेक्स्टेरिटी! म्हंजे हातातलं कसब. लॅटिनमधी डेक्स्टर म्हंजे उजवा. उजवा हात म्हंजेच कसबी हात, असं त्या लोकांचं मत."

गवळी म्हणायचा, "पर सर, मी दोन्ही हातांनी काढतोय की!"

"रोमन लोकांकडं म्हशी न्हवत्या," म्हणून सर चालू लागायचे.

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. सरांच्या बायकोला, वहिनींना म्हटलं, "अहो, भाकरी तुम्ही थापता आणि ओरडतात हे?"

वहिनींनी हसत मला आत ओढलं. त्यांचा डावा हात पिठानं माखलेला. बाई जन्माच्या डावखुऱ्या! सासूबाईंना ते खपायचं नाही. "डाव्या हाताची भाकरी थापायची तर जा माहेरी, गडमुडशिंगीला," असं नव्या नवरीला ऐकवलेलं. उजव्या हातानं थापली की भाकरी काठाला फाटायची आणि वहिनी रडायच्या. तेव्हापासून सर दारात पहाऱ्याला. म्हातारी उठली की "डेक्स्टेरिटी!" आत लगेच हात बदलायचा. सासूबाईंना वाटायचं, लेक उद्याचा धडा तयार करतोय.

अगंबाई! मी हसून हसून खालीच बसले.

पुढं काही वर्षांनी सासूबाई गेल्या. शेजार गप्प झाला. खरं सांगते, मला करमेना.

दिवसकार्य उरकल्यावर एका संध्याकाळी विरजण मागायला गेले. सर दारात नव्हते, आत शेगडीपाशी उभे होते. वहिनींचा डावा हात परातीत बिनधास्त फिरत होता. भाकरी तव्यावर टम्म फुगली, तसे सर हळूच म्हणाले, "डेक्स्टेरिटी."

वहिनींनी झटकन हात बदलला आणि दचकून दाराकडं बघितलं. दारात मीच.

"अवो, या व्हय! केवढी घाबरले मी. शेजारणीसाठी कशाला इशारा द्यायचा?"

"न्हाय गं," सर म्हणाले. "आज खऱ्या अर्थानं म्हनलं."

वहिनींनी हात पुन्हा बदलला. डाव्या हातानं त्यांनी पुढचा गोळा उचलला, आणि मी विरजण न मागताच घरी आले.