लाल ओळी आणि दुपारची झोप

घरून काम करणारा माणूस कामावर आहे असं घरात कोणीच धरत नाही, हे विश्वजीतला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. कंपनी खराडीला आणि हा नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत. लॅपटॉप उघडला की बायको, तनुजा, म्हणायची, "अहो, रिकामे बसलाच आहात तर शेंगा सोला."

मग त्याने एक साधी सोय केली. त्याच्या ॲपचे लॉगिन, ऑर्डर, पेमेंट असे पाच भाग लॅपटॉपवर एकदमच चालायचे आणि प्रत्येक भाग आपण काय करतोय ते ओळी टाकून सांगायचा. पाच खिडक्यांतले हे लॉग त्याने एकाच काळ्या खिडकीत आणले, प्रत्येकाला वेगळा रंग दिला आणि दिले सोडून. रंगीत ओळी धो धो पळू लागल्या आणि घर चिडीचूप झालं! लोणी काळभोरहून राहायला आलेल्या सासूबाई, विमलाबाई, तर दाराशी खुर्ची टाकून राखणीलाच बसल्या. (आता इतका मान मिळाल्यावर माणूस लवंडणार नाही तर काय करणार?)

"आन् लाल वळी आल्या तर?" त्यांनी विचारलं.

लाल रंग त्याने बिघाडासाठी राखून ठेवला होता. पण खरं सांगितलं तर झोपेचं खोबरं होणार.

"लाल म्हणजे सगळ्यात अवघड काम चालू. तेव्हा तर मला मुळीच हाक मारायची नाही," विश्वजीतने ठोकून दिलं आणि कूस बदलली.

गुरुवारी चारला त्याला गिऱ्हाइकाला ॲप दाखवायचं होतं. ते जमलं तर बढती नक्की. जेवून तो जरासा आडवा झाला आणि इकडे पेमेंटने मान टाकली. सगळा पडदा लालभडक! विमलाबाईंनी पंखासुद्धा हळू केला. चार वाजून गेले तसा त्याचा मोबाइल खणखणला. विमलाबाईंनी तो झटकन उचलला. मॅनेजर अपेक्षा मॅडम होत्या.

"विश्वजीत कुठे आहेत?"

"कामात हायत. लई अवघड काम हाय, समदं लाल झालंय."

"लाल? मग ते करताहेत काय?"

"झोपल्यात. उठवू नका म्हणून सांगितलंय."

"नकाच उठवू," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "उद्यापासून रोज ऑफिसात यायला सांगा. आमच्या खुर्च्या जरा टणक आहेत, तेवढं चालवून घ्या म्हणावं."

बढती गेली ती गेलीच. विश्वजीतला मनापासून वाईट वाटलं, बढतीचं थोडं, झोपेचं फार. सकाळी तो लॅपटॉप बॅगेत भरू लागला, तर विमलाबाई आडव्या आल्या.

"त्याला कशाला उन्हातान्हाचं नेताय, जावईबापू? तुम्ही जावा एकटं. त्याचं काम तुमच्याबिगर बी झकास चालतंय की!"