रेडिओ लिलावात उभा राहतो

ऑनलाइन लिलावात मनीषाला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान आईला तिनं तसं ठासून सांगितलं होतं. सुरक्षित विक्रीचे नियम तिनं सायबर कॅफेतून छापून आणले होते. बावीस पानं! आणि महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीनं मारलेल्या रेघा. ग्रंथपालच ती!

विकायचा होता वडिलांचा, म्हणजे दादांचा, वॉल्व्हचा रेडिओ. दादांना जाऊन पाच महिने झाले होते. संध्याकाळी सातच्या बातम्यांची वेळ झाली की आईची नजर रेडिओकडे जायची आणि मनीषाची आईकडे. तो डोळ्यांसमोर झेपत नव्हता. भंगारात देणं त्याहून झेपलं नसतं. जो रोज लावील, त्यालाच द्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. तसं तिनं लिलावाच्या लिंकसह सगळ्या नातेवाइकांना कळवलंही.

बोली पाचशेपासून. दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला : ‘वॉल्व्ह मूळचेच का? आवाज यायला किती वेळ लागतो? मागचं झाकण कोण उघडायचं? – नाथा मास्तर, कळवण.’ आणि खाली चक्क फोन नंबर!

“पान नऊ,” मनीषा म्हणाली. “फार चौकशा करणाऱ्यापासून सावध!”

“अगं, विचारतोय तर सांग की.”

“आई, हे ऑनलाइन आहे!”

उत्तर गेलं नाही. पुरावा म्हणून ते पान मात्र छापून ठेवलं गेलं.

मग ‘कांदाराजा’ नावाचा कुणी मैदानात उतरला. मास्तर सहाशे, हा आठशे. मास्तर हजार, हा दीड हजार. मास्तर सोळाशेपर्यंत कसेबसे चढले, तर या गड्यानं थेट पाच हजारांवर उडी मारली! मास्तर गप्प झाले. लिलाव संपला आणि खरेदीदाराचा पत्ता आला : गंगापूर रोड, नाशिक. घर नंबरासकट मनीषाचाच!

मनीषानं बावीस पानं काढली. पान सतरा : तक्रार. तिनं पुराव्यांसह तीन पानी तक्रार ठोकली.

दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘खरेदीदार व विक्रेता एकाच पत्त्यावरचे आढळले. स्वतःच्याच मालाची बोली चढवल्याबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.’

ती ते तिसऱ्यांदा वाचत असताना सटाण्याहून फोन आला. दादांचे धाकटे भाऊ, कांद्याचे व्यापारी खंडेरावकाका.

“मने, कसा चढवला भाव?”

“काका! तुम्ही?”

“मग! आपली कांद्याची ट्रॉली लिलावात उभी अन् आपण हात बांधून बसायचं? घरचा माणूस भाव चढवतो अन् टायमाला बाजूला होतो.”

“मग बाजूला का झाला नाहीत?”

“समोरच्याचं तोंडच दिसंना! बाजारात डोळ्यावरून कळतं गडी कुठं मोडतो ते. या डबड्यात काय कळणार?”

“आणि माझा पत्ता?”

“माल तिथंच हाय ना! उगा पाठवायचा खर्च. अन् दादाचा रेडिओ पाचशेला जाऊ द्यायचा का गं?”

मनीषाला रागावता आलं नाही. तिनं पुराव्याचं पान शोधलं आणि कळवणला फोन लावला.

रविवारी नाथा मास्तर एसटीनं आले. मागचं झाकण काढलं. आतल्या बाजूला दादांनी प्रत्येक दुरुस्तीची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. मास्तरांनी सगळ्या तारखा वाचल्या, मग बटण फिरवलं. काहीच नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

“थांबा, तापतोय,” दारातून आई म्हणाली. दादांचंच वाक्य होतं ते.

“तापू द्या. मला कुठं घाई आहे?”

आवाज आला. बातम्या संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग आईनंच बटण बंद केलं आणि म्हणाली, “बांधून दे गं यांना.”

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. “पावती केली का?”

“नाही.”

“त्याचं पूर्ण नाव? पत्ता?”

“राहिलं विचारायचं.”

“अन् मग ती बावीस पानं कुठं गेली?”

“वॉल्व्ह फुटू नयेत म्हणून रेडिओ त्यातच गुंडाळून दिला, काका!”