साहेबांचा ओके

ज्या शब्दाचा बाप सापडत नाही, त्याच्या वारसांची रांग मोठी असते. 'ओके' हा असाच एक शब्द. त्या कार्यालयात त्याच्या उगमाबद्दल अकरा मतं होती (कर्मचारी नऊ). ड्रायव्हर म्हणे, गाडी दुरुस्त न करताच परत देणाऱ्या पहिल्या मेकॅनिकने तो काढला. शिपायाच्या मते, जड कपाट खाली ठेवताना तोंडातून जो आवाज निघतो, तोच पुढे सुधारून घेतला. टायपिस्ट बाईंचं म्हणणं, तो कुठल्यातरी नवऱ्याने शोधला, बायको बोलत असताना.

अर्थ मात्र एकट्या हेडक्लार्कांना ठाऊक होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी सहा साहेब वाचून काढले होते. आतून फाइल आली की लोक ती आधी त्यांच्याकडे नेत. ते चष्मा पुसत, कागद तिरका धरत आणि निकाल देत. ओकेखाली रेघ असेल तर 'करा, पण माझं नाव घेऊ नका'. पुढे टिंब असेल तर 'वाचलं, पुन्हा आणू नका'. रेघ नाही, टिंब नाही, नुसताच ओके, तर सरळ 'नाही'. (कागदावर 'नाही' लिहिणारा साहेब त्यांच्या पाहण्यात नव्हता.) असे सतरा अर्थ त्यांच्या वहीत होते. त्यांची चूक कधी निघाली नाही, कारण साहेबांना जाऊन विचारायची पद्धत नव्हती.

मग परगावी त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नातीला बघायला जीव नुसता आसुसला होता. हेडक्लार्कांनी आयुष्यात प्रथमच आठ दिवसांची रजा मागितली. संध्याकाळी अर्ज परत आला. त्यावर ओके. रेघ नाही, टिंब नाही.

"मिळाली की रजा. निघा आता," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही अजून नुसतं वाचता," हेडक्लार्क म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी भरलेल्या बॅगेतून आपले कपडे काढून घेतले. बायको एकटीच गेली.

आठव्या दिवशी दौऱ्यावरून परतलेले साहेब त्यांच्या टेबलाशी थबकले. "आलात एवढ्यात? नात कशी आहे?"

"गेलो नाही, साहेब. अर्जावर आपण ओके लिहिलं होतं."

"हो. मग?"

साहेब आत गेल्यावर हेडक्लार्कांनी वही काढली आणि नोंद केली : 'अठरा. हो. (क्वचित.)'

संध्याकाळी मोबाइलवर लेकीचा निरोप आला, "बाबा, ही अगदी तुमच्यावर गेलीय. शनिवारी तरी याल ना?" हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. बरंच काही लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. आपल्याला असलं नीट मांडता येत नाही, असं वाटून शेवटी एकच शब्द पाठवला. ओके. आणि ते बॅग भरायला उठले.

तिकडे लेकीने तो दोनदा पाहिला. रेघ नव्हती, टिंब नव्हतं. शेवटी बापाचीच लेक ती. "आई," ती म्हणाली, "बाबा नाही येत."

वाचकांनी हसायला हरकत नाही. हसून झालं की आपला शेवटचा ओके कुणाला गेला होता, तेवढं पाहावं. तो माणूस अजून अर्थ लावत बसला असेल.